हार मानली ती पायांनी

अहो,

नमस्कार करते. अक्षर माझंच आहे, म्हणजे मी बरी आहे असं समजा.

लेकीकडे आल्यापासून मला वाटत होतं, कुठेतरी पाणी मुरतंय. ती आणि जावई कुजबुजायचे आणि मी आले की गप्प. माझी खात्रीच झाली, डॉक्टरांकडून वदवून घेऊन मला इथेच ठेवायचा बेत आहे.

काल दवाखान्यात तोंडावर मास्क आणि बोटाला चिमटा लावून जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर बसवलं. तपासणारी मुलगी म्हणाली, "आजी, दम लागला की सांगा." मी कशाला सांगतेय? दातओठ खाऊन पायडल मारलं. शेवटी मांड्या भरून आल्या तेव्हा थांबले.

डॉक्टरांना सरळ विचारलं, "लेकीने काय पढवून ठेवलंय तुम्हाला?"

ते हसले. "आजी, फुफ्फुसाचं दुखणं आहेच, पण आज हार मानली ती पायांनी. बसून बसून कमजोर झालेत. सांगू तसं रोज चाला. थोडा दम लागेल, त्याला घाबरू नका."

बाहेर येऊन लेक रडली. ती कुजबुज या तपासणीच्या धास्तीची होती.

आता माझा संशय तुमच्यावर आहे. "तू बस, मी आणतो" म्हणत तुम्ही मला पाण्यालाही उठू दिलं नाहीत. मी झोपले की माझा श्वास ऐकत जागे राहता, हे मला कळत नाही का? वेळेवर जेवता ना? गुडघा कसा आहे?

रविवारी येतेय. स्टेशनवर रिक्षा ठरवू नका, चालत जाऊ. दम लागला तर मी थांबेन. तुम्ही फक्त घाबरायचं नाही.

तुमचीच