संगीत खुर्चीत तू कसा जिंकलास

महाड,
ईदच्या आठवड्यातला शुक्रवार

आदरणीय अमजदभाई यांस, धाकट्या तसनीमचा सलाम.

तुझी तब्येत कशी आहे, कुवेतला ऊन किती आहे, जेवण वेळेवर होतं का, हे सगळं अम्मीने विचारायला सांगितलंय म्हणून विचारलं. (पत्रात ‘तुम्ही’ लिहायचं ठरवून बसले होते, पण ईदपासून पाठ इतकी दुखतेय की तेवढाही मान देववत नाही. ‘तू’च म्हणते.) आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे उभे आहोत. शेजारचा हमजा परवा तिकडे निघतोय, त्याच्या बॅगेत सोड्यांच्या आणि मसाल्याच्या मध्ये हे पत्र खुपसतेय. फोनवर सांगितलं असतं, पण माझ्या फोनला अम्मी शेजारी बसून कान लावते. तिचा स्वतःचा फोन का लागत नाही म्हणून तू सारखा विचारतोयस, आणि मी नि बिलाल ‘दुरुस्तीला दिलाय’ म्हणून वेळ मारून नेतोय. आता सगळं ऐक.

ईदच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे सगळं खानदान जमतं आणि जेवण झालं की एक खेळ होतो, हे तुला आठवत असेल (ही तुझ्याशिवायची चौथी ईद, विसरलाही असशील). खेळ निवडायचा मी. का, तर मी शाळेत शिकवते. अरे, मी सातवीला गणित शिकवते! पण जी बाई एवढी पोरं सांभाळते ती नातेवाईकही सांभाळेल, असं घरातल्यांचं म्हणणं. पोरांना निदान वर्गाबाहेर उभं करता येतं.

हाऊजी म्हटलं, तर मामू म्हणाले जुगार. अंताक्षरी म्हटलं, तर मामू म्हणाले गाणी नकोत. चिठ्ठी उचलून नक्कल करायचा खेळ गेल्या वर्षी झाला. बिलालच्या बायकोला, उमैमाला, ‘सासू’ निघाली आणि तिने अम्मीची नक्कल इतकी हुबेहूब केली की पुढे महिनाभर घरात चहा दोन पातेल्यांत होत होता. त्यात या वर्षी अम्मीची नवी अट, ज्या खेळात अमजद नाय तो खेळ या घरात होणार नाय. तू रजा मिळतेय म्हणालास, तिने तुझ्या खोलीचे पडदे धुतले, आणि रोजे संपता संपता तुझी रजा रद्द. ती रडली नाही, भाई. नुसती म्हणाली, तो फोनवरून खेळेल. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. पण फोनमधल्या माणसाला खेळायला लावायचं कसं, हे मला कुठल्या डी.एड.ला शिकवलं नव्हतं.

शेवटी कंटाळून म्हटलं, संगीत खुर्ची घ्या. डोकं लागत नाही आणि लवकर संपते. गाण्याऐवजी मामूंनी पाठमोरं बसून थाळी वाजवायची ठरलं. खुर्च्या मंडपवाल्याकडून आणल्या. पहिला डाव बायकांचा. अम्मीने एका खुर्चीत उशी ठेवली, उशीला टेकवून फोन उभा केला आणि जाहीर केलं, ‘हा अमजद बसला.’ बायकांच्या डावात हा कसा, असं कुणीतरी म्हटलं. अम्मी म्हणाली, तो कुठं धावतोय?

पोलादपूरची फुफी गुडघे धरून आली होती. ‘मी नाय गो खेळायची, मी बघीन,’ म्हणाली, आणि थाळी वाजल्याबरोबर ओढणी खोचून सगळ्यांच्या पुढे! दर फेरीला बिलाल एक खुर्ची काढायचा, पण तुझ्या खुर्चीला हात लावायची त्याची छाती झाली नाही. बायका तुझ्याभोवती गरगर फिरतायत आणि तू विचारतोयस, बिर्याणी कशी झाली. (लहानपणीही कामाच्या वेळी तू असाच बसून असायचास.) शेवटी उरल्या फुफी नि उमैमा, आणि खुर्ची एकच, तुझी. थाळी थांबली. फुफी बसली. ‘अंधार का झाला?’ हे तुझं शेवटचं वाक्य.

अम्मी ओरडली, ‘अगो ऊठ, माझा पोरगा हाय खाली!’

फुफी म्हणाली, ‘नाय उठायची. मी जिंकलंय.’

मी नि उमैमाने मिळून तिला उचललं (माझी पाठ तेव्हाच गेली). अम्मी फोन ओढणीत गुंडाळून आत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, बिघडला. मग निकालही तिनेच दिला की अमजद पहिल्यापासून बसला होता, तोच जिंकला. फुफी रुसून पोलादपूरला गेली (बिर्याणीचा डबा मात्र विसरली नाही). बक्षिसाचा थर्मास तुझ्या नावाने फळीवर ठेवलाय. हमजा म्हणाला मी नेतो, तर अम्मी त्याच्यावर खेकसली. जिंकणाऱ्याने स्वतः येऊन न्यायचा म्हणे.

मी दमले रे. पुढच्या ईदला खेळ तू निवड, आणि इथे उभा राहून निवड.

तुझी,
तसनीम

ता. क. फुफीला फोन करून माफी माग. बसली ती, हे मान्य. तरी तूच माग.

दुसरा ता. क. मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला, त्यात एक कमी. ती ओटीवर आहे. तो बिचारा परत परत येतो. अम्मी त्याला सांगते, माणूस बसलाय, उठला की ने.

तिसरा ता. क. हे तुला सांगायचं नाही अशी अम्मीने शपथ घातलीय, तेव्हा तू वाचलं नाहीस. फोनला काहीही झालेलं नाही, कोपऱ्यात एक चीर आहे फक्त. तिनेच तो बंद करून कपाटात ठेवलाय. म्हणते, फोनात दिसला की त्याला वाटतं, घरी जाऊन आलो.