फळीवर सगळ्यांचा डोळा

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. वहीला कुलूप आहे. किल्ली चहापत्तीच्या डब्यात ठेवली. तिथे कोण बघणार.
बावीस तारखेला बाली. बायको भावना, मुलगी किंजल आणि मी. लग्नात भावनाला शब्द दिला होता, वर्षाच्या आत विमानात बसवीन. त्याला एकोणीस वर्षं झाली, पण शब्द तो शब्द. तिची एकच अट आहे. विमान उडताना मी तिचा हात धरायचा. तिला भीती वाटते. तेवढा खंबीर मी आहे.
सोबत फळी नेणार. सर्फिंगची, सहा फुटी, ओरिजिनल. कंपनीत मशीन बसवायला आलेला परदेशी इंजिनियर जाताना मला देऊन गेला. फुकट. का दिली, ते अजून कळलेलं नाही. शोध चालू आहे.
संकल्प: पोट कमी करणे. पोहायला शिकणे. फळीबद्दल कोणाला न सांगणे.

५ नोव्हेंबर
सकाळी चहात किल्ली आली. भावनाने ती चमच्याने काढून बशीत ठेवली आणि चहा संपवला. एवढा सहजपणा मला खटकतोय.
वरच्या मजल्यावरच्या प्रफुल्लने जिन्यात विचारलं, इस्त्रीचं टेबल घेतलंस का. फळी चादरीत गुंडाळलेली होती, तरी बरोबर तिच्याकडेच बघत होता. माणूस असं सहज विचारत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
सातपाटीच्या किनाऱ्यावर सराव. मिथुन आमच्या कँटीनला मासळी देतो, त्याची स्वतःची बोट आहे. म्हणाला, की साहेब, लाट आली का तुमी फक्त उभं ऱ्हा, बाकी पाणी बघते, आमी हाय ना. बदल्यात काही नको म्हणाला. तिथेच मी सावध झालो. फुकट शिकवणारा माणूस मनातल्या मनात फळीचं माप घेत असतो.
म्हणून पाण्यात उतरलोच नाही. वाळूवर फळी ठेवून, पालथा पडून हात मारले. उत्तम जमलं. त्याची आई, माई, बोंबील वाळत घालत होती. ती म्हणाली, की याला पोवता येत नाय वाटते. आम्ही जळगावचे. खवचटपणा लगेच ओळखतो.
पोहणं उद्यापासून.

१४ नोव्हेंबर
किंजलने मोबाईलवर वाचून दाखवलं, की फळी न्यायची असेल तर विमान कंपनीला आधी कळवावं लागतं. म्हणजे आपणच चोराच्या हातात पत्ता द्यायचा. कळवणार नाही. किंजल म्हणाली, पप्पा, प्लीज. तिला एवढी घाई का, ते बघावं लागेल.
पोहणं बालीला गेल्यावर. तिथे समुद्र असतोच.

१९ नोव्हेंबर. कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत
सुचलं. तारापूरच्या केमिकल कंपनीत डिस्पॅचला वीस वर्षं काढली, ती काय उगाच नाही. आम्ही ॲसिडच्या ड्रमला एक स्टिकर लावतो. वरून थेंब पडतोय आणि खाली हात जळतोय, असं चित्र. ते दिसलं की कुंभवलीचे आमचे लोडरसुद्धा चार हात लांब राहतात. तेच फळीच्या खोक्याला लावलं, तर विमानतळावर कोणाची हिंमत आहे हात लावायची?
चार घेतले. चारी बाजूंना एकेक.

२१ नोव्हेंबर. संध्याकाळी ७
पॅकिंग झालं. एक्स्पोर्टच्या मालासारखं दिसतंय. प्रफुल्लकडे घराची किल्ली दिली, तुळशीला पाणी घालायला. नाइलाज.
भावनाने सोफ्यावर माझा हात धरून बघितला. सराव म्हणून. घट्ट धरते. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी २.४०. विमानतळाच्या बाहेर, बाकावर
शांतपणे लिहितोय.
काउंटरवरच्या मुलीने खोकं बघितलं आणि फोन उचलला. पाच माणसं आली. त्यातला एक हातमोजे घालून. विचारलं, आत काय आहे. मी म्हटलं, फळी. मग हे स्टिकर कशाला? मी खरं ते सांगितलं. चोरांसाठी. कोणते चोर, असं विचारलं, तेव्हा मी त्यांच्याकडेच बघितलं. तिथे जरा बिघडलं.
दीड तास चौकशी. खोकं फाडलं. शेवटी साहेब म्हणाले, की फळी जाणार नाही, कोणाला तरी द्या आणि तुम्ही जा, विमानाला वेळ आहे. त्यांना तेच हवं होतं. मी ओळखलं.
भावना म्हणाली, अहो, फळीच आहे ना. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी नंतरच्या विमानाने येतो. रांगेतून तिने तीनदा वळून बघितलं. चौथ्यांदा नाही.
फळी वाचली.

२४ नोव्हेंबर. घरी, पडदे लावून
नंतरच्या विमानाने गेलो असतो. पण फळी कोणाच्या भरवशावर सोडणार?
सकाळी प्रफुल्ल त्याच्याकडच्या किल्लीने दार उघडून आत आला. मी फळीमागे उभा राहिलो. पाय दिसत होते. म्हणाला, अरे, तू? मग तुळशीला पाणी घातलं, दोन कप चहा केला आणि काहीही न विचारता गेला. काहीतरी शिजतंय.

२५ नोव्हेंबर
सापळा. फळी गेटपाशी उघडी ठेवली. मी पडद्याआड.

२७ नोव्हेंबर
रजा चालू. पहारा चालू. एक कुत्रा हुंगून गेला. भंगारवाल्याने उचलली, बोटाने टकटक केलं, परत ठेवली. प्रफुल्ल चार वेळा शेजारून गेला. बघितलंसुद्धा नाही.
मिथुनला फोन केला. म्हटलं, हवी असेल तर ने. माईला विचारतो म्हणाला. माईचा आवाज मागून ऐकू आला, की नको रे, गुळगुळीत हाय, बोंबील घसरतील.

३० नोव्हेंबर, रविवार
आल्या दोघी. उन्हाने रापल्यात. किंजलने फोटो दाखवला. भावना पाण्यात फळीवर उभी, भाड्याच्या. दोन्ही हात वर. इतकी हसताना मी तिला कधी बघितलेली नाही.
मी विचारलं, विमान उडताना कोणाचा हात धरलास. किंजल मागच्या रांगेत होती, तेवढं मला माहीत होतं. भावना म्हणाली, कोणाचाच नाही. खिडकीतून बघत होते. भीती वाटलीच नाही.
उलटतपासणी करायची होती. केली नाही. ती खरं सांगत होती. तिच्यावर संशय आला नाही, नुसतं वाईट वाटलं.
फळी अजून गेटपाशीच आहे.