पहिल्या पानावरची माणसं

३ फेब्रुवारी
मी बनवलेली साइट सुरू झाली! एकट्या माणसांनी नाव नोंदवायचं, स्वयंसेवकांनी त्यांना फोन करून गप्पा मारायच्या. नाव टोपण, फोन आमच्या यंत्रणेतून, त्यामुळे कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही. नावांची पानं पाडायला आयती लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला कोड, घेतली. एका पानावर वीस, जुनी नावं आधी. तयार असताना उगाच कोण घाम गाळणार?
पहिलं नाव मीच टाकलं — 'खिडकी'. ऑफिसात सांगितलं, चाचणी आहे. पुसलं मात्र नाही.

७ फेब्रुवारी
आईचा फोन. "मजेत ना?" "मजेत. तू?" "मी पण मजेत." झालं!
साइटचं सांगितल्यावर मात्र खुलली. "अगंबाई, मग मीही करते की चार जणांना फोन!" करील. बोलायची हौस दांडगी. माझ्याशीच दोन मिनिटांत आटोपतं. खरं तर 'ठेवते' मीच म्हणते.

१२ फेब्रुवारी
'खिडकी'ला अजून कुणाचा फोन नाही.

१५ फेब्रुवारी
साइट जोरात, साहेब खूश. शेवटच्या पानाचं बटण दाबलं की रिकामं पान येतं. म्हटलं, येऊ दे, कुणाचं काय बिघडतंय!
डबा एकटीनंच खाल्ला. पलीकडच्या टेबलावर सगळे हसले, मीही हसले. कशावर, देव जाणे.

२१ फेब्रुवारी
माझ्यामागून आलेल्यांना फोन गेलेसुद्धा. मला नाही. टोपणनावानंसुद्धा मी नकोशी? अंघोळीतच रडून घेतलं, तोंड वेगळं धुवायला नको.

२६ फेब्रुवारी
एक निवृत्त मास्तर काठी आपटत ऑफिसात आले. "पहिल्याच दिवशी नाव दिलं हो मी! माझ्याशी बोलायला कुणाला वेळ नाही?" साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.
शोधलं. कर्म माझं! लायब्ररी पानं शून्यापासून मोजते, माझी बटणं एकपासून. 'पान एक' दाबलं की दुसरं पान यायचं. पहिली वीस नावं एकाही स्वयंसेवकाला दिसली नाहीत, आणि शेवटी उरायचं ते रिकामं पान! एक वजा केला, सुरळीत झालं.
म्हणजे मला कुणी टाळलं नव्हतं. केवढं हायसं वाटलं! मग बाकीच्या एकोणीस जणांची आठवण झाली आणि लाज वाटली. मास्तरांना स्वतः फोन लावला. तासभर सोडलं नाही त्यांनी. मलाही ठेवावासा वाटला नाही.

२७ फेब्रुवारी
फोन वाजला! "नमस्कार, खिडकी बोलताय का? आज पहिल्याच पानावर सगळ्यात वर दिसलात. वाट बघून कंटाळला असाल ना हो?"
आईचा आवाज. मला अहो-जाहो करत होती.
मी "हो, फार" म्हटलं. तशी ती हळूच म्हणाली, "अगं... तू तर मजेत होतीस ना?"