न घेतलेल्या कार्बाइनची वाटणी

मंगळवार, १५ ऑक्टोबर २०१३. सकाळी दंव पडलं होतं. कोंबड्यांना दाणे टाकले. डुएनचा फोन आला, तो घेतला. मग स्वयंपाकघरातलं टेबल पुसून लिहायला बसले. दुपारी शेजारचे नवरा-बायको लायनस आणि व्हेरेना बेट्झ साक्षीला येणार आहेत, त्याआधी हे संपवायचं आहे.

मी, लिओना हागेडॉर्न, वय एकाहत्तर, कै. क्लीटस हागेडॉर्न यांची पत्नी, राहणार सेंट वॉलबर्गा, डुबॉइस काउंटी, इंडियाना, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त, हे लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे आणि मला कोणी इथे आणून बसवलेलं नाही. क्लीटसने आणि मी मिळून केलेलं आधीचं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात आम्ही सगळं एकमेकांना दिलं होतं. मार्चमध्ये क्लीटस गेला आणि त्या कागदाचं काम झालं.

हरणांचा हंगाम पुढच्या महिन्यात उघडतो. एकटीने रानात जायचं तर आधी कागद जागेवर हवेत, म्हणून हे आज.

कलम पहिले. घर, कोठार, कुरण आणि मागचं रान माझा मुलगा डुएन यास मिळावं. रान शिकारीच्या क्लबला भाड्याने देण्याची त्याची इच्छा मला माहीत आहे. माझ्या पश्चात त्याने निदान पाच वर्षं तसं करू नये. मी असेपर्यंत तर नाहीच, त्याला मृत्युपत्र लागत नाही.

आज सकाळीच तो म्हणाला, "आई, तुला हरणाचं मटण हवंय ना? मी आणून देतो. त्यासाठी झाडावर कशाला चढायचं?"

"झाडावर नाही रे. शिडी आहे मचाणाला."

"बाबा असताना गोष्ट वेगळी होती."

त्याचं बरोबर आहे. क्लीटस असताना तो ओढ्याच्या वरच्या मचाणावर असे, मी खालच्या. एकाची गोळी वाजली की दुसरा अर्धा तास गप्प बसे आणि मग उतरून येई. रक्ताचा माग दोघांनी काढायचा. एकाने शेवटच्या थेंबाजवळ उभं राहायचं, दुसऱ्याने पुढचा शोधायचा. हे एकट्याने कसं करतात ते मला नीट माहीत नाही. पण एक हंगाम घरात बसले तर पुढच्या वर्षी मी जाणार नाही, हे माहीत आहे. मग डुएनला रान भाड्याने द्यायला माझी हरकत उरणार नाही आणि मला त्याच्या गावी न्यायलाही.

कलम दुसरे. बँकेत जे असेल त्याचे दोन सारखे भाग करावेत. एक डुएनला, एक नात कोरिनाला.

कलम तिसरे. सॉसेज भरायचं यंत्र डुएनला. क्लीटसच्या सुऱ्याही त्यालाच, त्याची बायको शेरिल हिला नव्हे. तिने एक सुरी भांडी धुण्याच्या यंत्रात घातली होती. क्लीटस तेव्हा काही बोलला नाही, म्हणून मी इथे बोलते. शेरिलला माझी चिनी मातीची सगळी भांडी द्यावीत. ती ती जपून वापरेल, याबद्दल मला शंका नाही.

कलम चौथे. क्लीटसची बारा बोअरची बंदूक चर्चच्या उन्हाळी पिकनिकमध्ये सोडतीला ठेवावी. कुंपणाला लागून आमच्या रानाकडे तोंड करून मचाण बांधणाऱ्या अर्बन फ्लेकला सोडतीचं तिकीट विकू नये, असं माझं मत आहे. आग्रह नाही.

ही बंदूक मी घरात ठेवत नाही, कारण ती मला चालवता येत नाही. गेल्या वर्षी उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, गोळी सुटताना बसणारा तो धक्का पुन्हा नको. आमच्या राज्यात हरणासाठी मोठी रायफल चालत नाही. क्लीटसच्या बारा बोअरसारखी शॉटगन, नाहीतर पिस्तुलाची गोळी घेणारी आखूड रायफल, म्हणजे कार्बाइन. यातून पुढचं कलम निघालं.

कलम पाचवे. लायनस बेट्झकडे एक वापरलेली कार्बाइन आहे, खालचा खटका ओढून भरायची. ती अद्याप माझी नाही. लाकडी दस्त्यावर एक लांब ओरखडा आहे, खटका थोडा सैल आहे, पण नळीतले आटे स्वच्छ आहेत. मी उजेडाकडे धरून पाहिले. लायनस मागतो ती किंमत रास्त आहे. प्रश्न किमतीचा नाही.

परवा रविवारी चर्चनंतर ती चालवून पाहायला आम्ही त्याच्या वाळूच्या खाणीत गेलो. बंदूक त्यानेच भरून हातात दिली.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "लाथ मारणारी नाही ही. म्हाताऱ्या गाढवासारखी आहे, नुसती बघते."

व्हेरेना गाडीत बसून होती. "लग्नाच्या वेळी माझ्याबद्दल पण हेच सांगत फिरत होता," ती म्हणाली.

मी पाच गोळ्या झाडल्या. खांद्याला कोणी बोट लावावं इतकंच जाणवलं. मला फार बरं वाटलं. मार्चनंतर पहिल्यांदा घरी येऊन पोटभर जेवले.

क्लीटस झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरत असे. त्यामुळे जमिनीवर पडलेली पुंगळी उचलायची हाताला सवय आहे. संध्याकाळी कोटाच्या खिशात एक सापडली. खिडकीशी नेऊन तळ पाहिला. त्यावर अडतीसचा शिक्का होता.

कोरिनाला कळावं म्हणून लिहिते. या कार्बाइनमध्ये दोन प्रकारच्या गोळ्या बसतात. हरणाची ती तीनशे सत्तावन. अडतीस तिच्याहून आखूड आणि मऊ, कागदावर नेम धरायला. तिने हरीण मारायला कायद्याने मनाई आहे आणि ते योग्यच आहे. लायनसने मला मऊ गोळ्या दिल्या आणि सांगितलं नाही.

लायनस खोटं बोलणारा माणूस नाही. त्याने दया केली. आमच्या चर्चमध्ये रीत आहे की घरातला माणूस गेला की पहिल्या हिवाळ्यात शेजारी विधवेच्या दारात हरणाची तंगडी पोहोचवतात. दारात उभं राहून जरा मोठ्याने, सावकाश बोलतात. लायनसने मला सप्टेंबरमध्येच सांगून ठेवलं, "पहिलं हरीण तुझं." मी आभार मानले. तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही.

खऱ्या गोळीचा धक्का किती, मला अजून माहीत नाही. त्या भीतीने ऐन वेळी डोळे मिटले, नळी हलली आणि हरणाच्या पोटात लागली, तर ते घळीत उतरेल आणि तिथे रात्रभर पडून राहील. माझ्या मरणापेक्षा मला याची धास्ती जास्त आहे. बंदूक घेतली नाही तर हे होणार नाही. मग दुसरं काहीच होणार नाही.

तरी कलम लिहिते. सदर कार्बाइन माझ्या मृत्यूच्या वेळी माझ्या मालकीची असल्यास ती कोरिनाला मिळावी. ती डावखुरी आहे. आजोबांची बंदूक तिला कायम उलटी पडायची. ही दोन्ही हातांना चालते. मालकीची नसल्यास हे कलम लिहिलंच नाही असं समजावं.

कलम सहावे. लायनस आणि व्हेरेना यांना मी काही देत नाही. साक्षीदाराला देता येत नाही. नाहीतर कोंबड्या त्यांना दिल्या असत्या. त्या डुएनने विकू नयेत, कुणाला तरी द्याव्यात.

कलम सातवे. मला क्लीटसच्या डाव्या बाजूला पुरावं. तो उजव्या कानाने ऐकत नसे.

वर लिहिलं ते माझं आहे. मी ते वाचून पाहिलं आणि दोघांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत आणि एकमेकांच्या देखत केली.

(सही) लिओना हागेडॉर्न

साक्षीदार: (सही) लायनस बेट्झ
(सही) व्हेरेना बेट्झ

सेंट वॉलबर्गा, इंडियाना. १५ ऑक्टोबर २०१३.

सहीच्या खाली लिहिलेलं कायदा धरत नाही, असं वकिलांकडून ऐकलं आहे. म्हणून उरलेलं इथे लिहिते.

सह्या झाल्यावर मी दोघांना पर्सिमनच्या रानफळांचं पुडिंग दिलं आणि लायनसच्या बशीशेजारी पुंगळी ठेवली.

"ही तुझी," मी म्हटलं.

तो मानेपर्यंत लाल झाला. व्हेरेना चमचा खाली न ठेवता म्हणाली, "मी सांगितलं होतं तुला. बाई शिक्षिका आहे, ती तळाचं वाचते."

"तुझा खांदा, लिओना," तो म्हणाला. "मला वाटलं, सुरुवातीला जरा..."

"मग हरणाला काय सांगू? लायनसने दया केली, तू पण जरा कर?"

त्याने पुंगळी उचलून खिशात टाकली.

"खऱ्या गोळ्या आहेत का गाडीत?"

"आहेत."

"आण."

कोठारामागे गवताच्या गंजीवर कागदी बशी लावली. या वेळी बंदूक मी भरली. पहिल्या गोळीला आवाज कानातून दातांत गेला आणि धक्का हाडात. माझे डोळे मिटले होते. बशी कोरी राहिली. लायनस पुढे यायला निघाला तेव्हा व्हेरेनाने त्याची बाही धरली, ते मला दिसलं. दुसऱ्या गोळीला डोळे उघडे ठेवले. ती बशीच्या कडेला लागली. तिसरी आत. मग खांदा ठणकायला लागला, म्हणून थांबले.

"ओढ्याच्या पलीकडे मारू नकोस," लायनस म्हणाला.

"नाही मारणार."

"आणि माग हरवला तर फोन कर. किती का वाजेनात."

करीन म्हटलं. करीन असं वाटतं. भीती गेलेली नाही, फक्त आता ती कशाची आहे ते नीट कळलं आहे.

निघताना व्हेरेनाने टेबलावरच्या कागदाकडे बोट केलं. "यात काही बदलायचंय का? आम्ही अजून आहोत."

"नको. मालकीची असल्यास, असं लिहिलंय."

"मग? आहे?"

"आहे," मी म्हटलं.

लायनसने पैसे मोजून घेतले नाहीत, तसेच खिशात टाकले. ते गेले. कार्बाइन रिकामी करून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. शीतपेटीतून गोठलेल्या मटारची पिशवी काढली, उजव्या खांद्यावर झग्याच्या आत सरकवली आणि डाव्या हाताने तीन बशा धुतल्या.