ओवी आठ दिवस आजोळी

१४ एप्रिल, सोमवार
जयंतीची सुट्टी मिळाली नाय. सकाळच्या पहिल्या एसटीवर कंडक्टरकी करून दुपारी शिरूर डेपोत वर्दी उतरवली आन् थेट मिरवणुकीत. ओवी लेझीम खेळली. पांढरा ड्रेस, निळा फेटा, फेटा सारखा डोळ्यावर. काय गोड दिसत होती माझी बाय!

जेवणाच्या पंगतीत मात्र नेहमीचंच. सगळ्यांच्या पत्रावळीत रस्सा, हिच्यासमोर घरचा डबा. वाढणारी बाई म्हणाली, "घे की गं, तिखट न्हाई." ओवी म्हणाली, "मावशी, यात शेंगदाण्याचं कूट हाय?" बाई हसली, "कुटाबिगर रस्सा व्हतो का?"

तेच तर. आमच्या घरात शेंगदाण्याला नुसतं 'ते' म्हणतात, जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत तसं. 'ते' घरात नाय, डब्यात नाय, तेलात नाय.

झोपताना म्हणाली, "आई, वर्गातली सगळी पोरं सुट्टीत आजोळी जातात. एकटी. मला तर आजोळ असून नसल्यासारखं." नऊ वर्षांची पोर आन् बोलणं बघा.

२० एप्रिल, रवि.
खुटबावहून आईचा फोन. "सुट्टीत पाठव की ओवीला. का मी वैरीण हाय तुझी?"

बघते म्हणून फोन ठेवला. ओवी दीड वर्षाची असताना चिक्कीचा तुकडा आईनंच दिला होता, मायेनं. पाच मिनिटांत पोरीचं तोंड सुजलं, श्वास लागेना. केडगावच्या दवाखान्यापर्यंत भावाच्या मोटरसायकलवर कशी गेले ते अजून आठवत नाय. वाचली. त्यानंतर ओवीला घेऊन जाते, संध्याकाळी घेऊन येते. एक रात्र ठेवली नाय कधी.

आईला कधी काही बोलले नाय. पण ठेवली नाय म्हंजे बोललेच की.

१ मे, गुरु.
निकाल. ओवीला अ श्रेणी. पेढ्याऐवजी घरचा नारळाचा लाडू वाटला.

वहिनीनं फोनवर सहज सांगितलं, "ताई, मी लग्न करून आले तवापासून ह्या घरात शेंगदाणा बघितला न्हाई. सासूबाई दुसऱ्याच्या घरीबी खात न्हाईत." मला माहीतच नव्हतं! साडेसात वर्षं. आईनं एका शब्दानं सांगितलं नाय. दुपारभर जीव थाऱ्यावर नव्हता, दोन तिकिटं चुकीची फाडली.

ओवीचे पप्पा कंपनीतून आले तर त्यांना विचारलं, पाठवू का ओवीला? म्हणाले, "सोड की. उद्या तिच्या सासरी पण डबा घेऊन जाणार हायेस का तू?"

५ मे, सोम.
डॉक्टरांकडं. आठ दिवस आजोळी पाठवा म्हणाले, पण तिथल्या दोघांना तरी 'ते' पोटात गेल्यावरचं इंजेक्शन देता आलं पाहिजे. मांडीत द्यायचं, लगेच दवाखाना गाठायचा, वाट बघत बसायचं नाय. औषध किती ते कळायला सिरिंजवर मार्करनं रेघ मारून दिली. इंजेक्शनचे दोन संच घेतले.

६ मे, मंगळ.
खुटबाव. पोट दुखेपर्यंत हसले आज.

इंजेक्शनची शिकवणी. सराव कशावर करायचा? वहिनीनं रानातली वांगी आणली. पाणी भरलेली सिरिंज आन् वांगं. वहिनीनं डोळे मिटून टोचली, सुई वांग्याच्या देठात. आई म्हणाली, "सर बाजूला. गाईला डॉक्टर टोचतो तवा धरतं कोण? मीच की." पदर खोचला, वांगं मांडीवर घेतलं आन् असं खुपसलं की सुई पार पलीकडं! पाणी वहिनीच्या तोंडावर. ओवी जमिनीवर लोळून हसतीय.

"आजी, वांगं मेलं!"

"गप गं भवाने. दुसरं आण."

अकरा वांगी झाली. शेवटची पाच आईनं अगदी नीट टोचली, रेघेपर्यंत. मग त्याच वांग्यांचं भरीत. कुटाशिवाय. वहिनी म्हणाली, "पेशंट चवीला बरा हाय."

७ मे, बुध.
ठेवून आले. ओवीनं मागं वळून पण बघितलं नाय, शेळीच्या करडामागं पळाली. मीच येडी, चौफुल्यापर्यंत डोळे पुसत.

८ मे
साहेबांना सांगून ड्युटी बदलून घेतली. शिरूर–बारामती, चौफुल्यावरून. ओवीचे पप्पा म्हणाले, "आजोळी ओवी गेलीय का तू?" असू दे. चौफुल्याला गाडी थांबली की खुटबाव जवळ वाटतं एवढंच. तिथनंच फोन लावला. ओवी: "आई, तू काल पण केला होतास. मी विहिरीवर चाललेय." ठेवला!

१२ मे, सोम. पौर्णिमा
विहारात वंदनेला गेलो. खुटबावला आईनं मोठं पातेलं भरून खीर केली, ओवीनं गल्लीत घरोघर वाट्या नेऊन दिल्या. फोनवर एका दमात सगळं. "आई, आज मी वाढलं! लोक म्हणाले ओवीच्या हातची खीर!" दरवेळी वाढणाऱ्याला विचारत बसणारी पोर, आज स्वतः वाढत होती. मला काय वाटलं ते लिहिता येत नाय. आनंदच वाटला. लय.

१४ मे, बुध.
आईचा फोन. रडतीय. "घिऊन जा तुझी लेक. माझ्या हातनं पुन्यांदा तेच व्हनार व्हतं."

आधी विचारलं, ओवी कशी हाय? बरी हाय, खेळतीय. मग तुकड्यातुकड्यात कळलं.

गावात वाटी रिकामी परत करत नाहीत. शेजारच्या सुमनकाकूंनी आज खिरीची वाटी परत दिली, त्यात गुळाचा शिरा घालून. शिऱ्यात 'ते' नव्हतं, काकूंना माहीत हाय. वाटीवर आईचं नाव कोरलेलं. आई ओवीला म्हणाली, "आपलीच वाटी हाय, खा बिनघोर."

ओवीनं वाटी हातात घेतली आन् म्हणाली, "आजी, आपलीच हाय, पण दोन दिवस कुणाकडं होती?"

तशीच उठून काकूंच्या दारात. "काकू, ह्या वाटीत मधी काय ठेवलं होतं?" काकू म्हणाल्या, "काय न्हाई गं. सकाळी भाजीला कूट काढून घेतलं व्हतं, पण पदरानं चांगली पुसली की." आन् बोलता बोलता त्यांच्याच ध्यानात आलं.

शिरा शेळीला. ओवीनं बोट पण लावलं नव्हतं. दोनदा साबणानं हात धुतले म्हणे, आजीला पण धुवायला लावले.

उद्या माझी साप्ताहिक सुट्टी. आणायला जाते. झालं तेवढं पुरे झालं. नशीब रोज साथ देत नसतं.

१५ मे, गुरु.
गेले ते रागातच. आईनं ओवीची बॅग भरून ओट्यावर ठेवलेली, शेजारी आई, मान खाली. एवढी मोठी बाई, साताठ वर्षं तोंड दाबून राहिलेली. मला तिचाच जास्त राग आला आन् तिचीच जास्त कीव. तिच्याजवळ बसले. म्हणाले, "आई, चिक्कीचं मी तुला कधी बोलले नाय." ती म्हणाली, "बोलायची व्हतीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं." मग दोघी रडलो. वहिनीनं चहा आणून ठेवला आन् गुपचूप गेली.

ओवी आली. बॅग बघितली. एकेक कपडा काढून परत खुंटीवर. मी म्हणाले, "ओवी, चल. गाडी हाय."

"तूच शिकवलंस ना, खायच्या आधी विचार म्हणून? मी विचारलं. मग न्यायला का आलीस?"

दिवसाला शंभर प्रवाशांची तोंडं बंद करते मी. हिला मात्र बॅगेतला शेवटचा फ्रॉक मीच काढून दिला.

तेवढ्यात सुमनकाकू दारात. डोळे सुजलेले. हातात वाटी, घासून लखलखीत, आत दोन लिंबं. सालीसकट. "रिकामी वाटी द्यायला हात धजत न्हाई गं. ओवी म्हणली, लिंबं टाका." त्यांच्या मागून पलीकडची सून, वाटीत झेंडूची फुलं. मग आणखी एक, लिंबं. ओवीनं काल संध्याकाळी अख्ख्या गल्लीला नियम लावून दिलाय! दुपारपर्यंत नऊ वाट्या, सव्वीस लिंबं. आई हसायला लागली. "आता लोणच्याला बरणी आन."

लोणचं राहिलं, लिंबाचं सरबतच झालं, काकूंसकट सगळ्यांना. आमच्या ग्लासात.

खरं भ्या पुढंच हाय. सोमवारपासून काकूंच्या रानात 'त्यांची' काढणी. काकू म्हणाल्या, औंदा अंगणात आणत न्हाई, रानातच वाळवते. आई म्हणाली, रविवारी ने मग, त्याच्या आधी. ठीक. रविवार.

दोन्ही संच तपासले. एक आईच्या कपाटात, एक वहिनीच्या पिशवीत. आईनं न सांगता सिरिंज कशी धरायची ते करून दाखवलं. हात जरा पण हलला नाय.

परतीच्या गाडीत आमच्याच डेपोचे मामा कंडक्टर. "ताई, लेकीला आणाया गेला व्हता ना?"

"गेले होते."

"मग कुठंय?"

"राहिली," म्हणाले, आन् मला हसू आलं, रडू पण आलं. मामांनी बेल मारली.

आत्ता फोन आला तिचा. रविवारी न्यायला येते म्हणाले. ओवी म्हणाली, "बघू."