आसगावची वर्षा

१८ जुलै
आसगाव. धानाचा रोवणा जोरात, लावणीच्या बाया दिवसभर चिखलात. म्हणून उजाडतानाच गेले. गरोदर बायकांमधले संसर्ग हा माझ्या अभ्यासाचा विषय, पण अंगावरून जातं एवढं सांगतानाही पदर तोंडाशी जातो. आज वर्षा भेटली. पाचवा महिना. पहिलं लेकरू पोटातच गेलेलं. का, ते कुणी तपासलंच नाही. "मले समजलं पायजे ताई," म्हणाली आणि रक्त द्यायला हात पुढे केला.

२७ जुलै
वर्षाचा रिपोर्ट. सिफिलिस. भंडाऱ्याला पुन्हा तपासून घेतला, तेच. तिला बाजूला बसवून सांगितलं: इंजेक्शनने बरं होतं, बाळ वाचू शकतं. पण नवऱ्यानेही घ्यायला हवं, नाहीतर तुला परत होईल. ती म्हणाली, "मी तं यायले सोडून कोणाच्या..." मला माहीत आहे, म्हटलं.

९ ऑगस्ट
तिचं इंजेक्शन झालं. नवरा नरेश नागपुरात सेंट्रिंगच्या कामावर, आज गावी आला होता. घरी गेले तर त्याने मला खुर्ची दिली, चहा पाजला. इंजेक्शनचा विषय काढला तर, "मले काय झालं म्याडम? मी चांगला आहो." आवाज चढवला नाही, हसला फक्त. वर्षा दाराआड उभी.

५ सप्टेंबर
बाळाचे ठोके छान. वर्षाने माझा हात ओढून पोटावर ठेवला. "लाथा मारून राहिलं पाहा." किती दिवसांनी कुणीतरी असं हसलं.
नरेश मध्ये येऊन गेला. दवाखान्यात आला नाही. "म्या पाया पडली त्यायच्या." त्याचा इलाज होईपर्यंत जवळ येऊ देऊ नकोस, असं मी बजावलं होतं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "असं कसं म्हणू, ताई?"

१७ ऑक्टोबर
भंडारा. बाळ हलत नाही म्हणून तिला आणलं. सोनोग्राफीत ठोके नव्हते.
मुलगी. डोक्यावर दाट केस. वर्षा म्हणाली, एकदा द्या. दिली.
रक्त पुन्हा तपासलं. नव्याने लागण.
मी जिन्यात जाऊन...

२४ ऑक्टोबर
आसगावला भेटायला गेले. सासू शेजारणींसमोर, "हिच्या पोटातच खोट हाये." नरेश तिथेच बसलेला, मान खाली. मी तोंड उघडलं तर वर्षाने मनगट धरलं. बाहेर सोडायला आली तेव्हा, "तुमी बोलू नका ताई. मले याच घरात रायचं हाये."
आजार तिचा, सांगायचा हक्कही तिचा. हा नियम मीच विद्यार्थ्यांना शिकवते. आज तो पाळून परत फिरले.

२ डिसेंबर
धान घरी आल्यावर सासरच्यांनी तिला माहेरी आंधळगावला नेऊन सोडलं म्हणे. परत न्यायला कुणी येणार नाही.

११ डिसेंबर
आंधळगाव. वर्षाचा इलाज पुरा झालाय. फार वाळली. नरेशसाठी दुसरी पोरगी पाहिली, जवळच्याच गावची. सांगताना रडली नाही. लाखोरीची डाळ निवडत होती, हात थांबला.
"त्या पोरीले कोण सांगन?"
मला सांगता येणार नाही, म्हटलं. नरेशबद्दल तर मला एक शब्दही बोलता येणार नाही.
"माही बिमारी तं माही हाये न? ते म्या सांगतली तं? तुमी फक्त संगं चाला."
हो म्हटलं. अभ्यास ज्यांच्या हाताखाली चालतो त्या सरांना फोन केला. सर म्हणाले, जाऊ नका, बोभाटा झाला तर गावात एकही बाई रक्त देणार नाही. त्यांचंही चूक नाही.

१३ डिसेंबर
आम्ही दोघी त्या मुलीच्या घरी गेलो. मुलीचा बाप वावरात. आई आधी पाणी देत होती, वर्षा कोण ते कळल्यावर म्हणाली, सवतीचं जळणं आहे हे. मी गप्प, जसं ठरलं होतं तसं. वर्षाने आवाज न चढवता सगळं सांगितलं, स्वतःचं तेवढंच. आईने हात धरून अंगणाबाहेर काढलं.
बस थांब्यावर मुलगी मागून आली. जेमतेम विशीची. माझ्याकडे पाहिलंही नाही. वर्षाला विचारलं, "तुमची पोरगी कोणासारखी होती?"
वर्षा नवऱ्याचं नाव न घेता म्हणाली, "त्यायच्यासारखी."
मुलगी तशीच उभी राहिली. बस आली, आम्ही चढलो. वळणावर मागे पाहिलं, अजून तिथेच होती.