फौजदाराची हाक

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, कारण बातमी बरी नाही. तू आणून दिलेल्या लाव्यांच्या जोडीतली बाईसाहेब गेली. रविवारी ती पिसं फुलवून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसली होती, दाण्याला तोंड लावेना. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट चाचपून सांगितलं, अंडं अडकलंय, कोमट पाण्यात बसवा, सुटलं तर सुटेल. दुपारभर तिला वाडग्यात धरून बसले. शेवटी तिने माझ्या अंगठ्यावर मान टाकली. मला वाटलं, डोळा लागला. पाणी गार झालं तेव्हा कळलं.

गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत तिला पुरलं. तिचा जोडीदार फौजदार आता एकटा आहे. उजाडायच्या आधीच हाका मारायला लागतो, आणि प्रत्येक हाकेनंतर मान तिरकी करून थांबतो, ओ येते का बघायला. ते थांबणं बघवत नाही. खालचे शिंपीकाका सभ्य माणूस, तक्रार केली नाही. जिन्यात फक्त विचारलं, पक्ष्याला काही दुखतंय का. दुकानात चष्म्याच्या काचा घासताना यंत्राच्या घरघरीतही मला त्याचीच हाक ऐकू येते. काल एक काच तिरकी घासली गेली. मालक म्हणाले, आज घरी जा. घरी जाऊन काय करू?

तू वेळेवर जेवत जा.
तुझी,
ताई

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. तू केलंस त्याहून जास्त कुणालाच काही करता आलं नसतं, तेव्हा उगाच स्वतःला बोल लावू नकोस. ती तुझी जुनी खोड आहे.

आमच्या हॉस्पिटलातल्या स्वयंपाक्याला, म्हणजे ज्याने ही जोडी वाढवून मला दिली त्याला, विचारलं. तो म्हणाला, नर जोडीदारणीसाठी असाच ओरडत राहतो. दुसरी मादी आणा, पण एकदम एकत्र सोडू नका. मध्ये जाळी लावा आणि त्यांना एकमेकांची सवय होऊ द्या. तू घाई करशील हे मी त्याला आधीच सांगितलंय.

इथे एक्स-रेची रांग संपत नाही. मी यावं असं मनात येतं, पण सध्या सुटीचं नाव काढायची सोय नाही. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र धाड.
तुझा,
धाकटा

ता. २ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

आधी मी दुसरी आणणारच नव्हते. पिंजऱ्यात आरसा टांगला. फौजदार दिवसभर आरशाला खेटून बसला, मध्येच मागे जाऊन शोधून यायचा. तिसऱ्या दिवशी मीच आरसा काढला. अशी फसवणूक करायची माझी छाती होईना.

मग अंडी विकणाऱ्याकडून एक मादी आणली. टाळूवरची पिसं गेलेली, पायांना माती ठाऊक नाही. लोळायला राखेचं ताट पुढे ठेवलं तर भ्यायली. तिचं नाव ठेवलंय टकलूबाई. आणि तू म्हणालास तसंच झालं. एवढा ओरडतोय तर हरखून जाईल, असं वाटून मी तिला सरळ आत सोडली. त्याने चोची मारून तिचं डोकं रक्तबंबाळ केलं. तिला पदरात गुंडाळून बाहेर काढलं आणि त्याला इतकी रागावले, की शिंपीकाका वर आले. त्यांनीच मग चौकट ठोकून मध्ये जाळी बसवून दिली. जाताना म्हणाले, त्याला दुसरी नको होती, तीच हवी होती.

आता तो इकडून हाका मारतो, ती तिकडे गप्प. पुढे काय ते कळवीन.
तुझी,
ताई

ता. २८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

जाळी काढली. टकलूबाई परवा राखेत लोळायला शिकली. फौजदार जाळीपलीकडून बघत होता, मग त्यानेही आपल्या बाजूला तसंच अंग घुसळलं. दुपारी दोघं जाळीला पाठी लावून झोपली. काल जाळी उचलली आणि पदर पसरून तयार बसले. त्याने एक दाणा उचलला, तिच्यापुढे टाकला आणि हळू आवाजात तिला बोलावलं. ती आली.

आज तो ओरडला नाही. मी नेहमीसारखी जागी होऊन पडून राहिले, हाकेची वाट बघत. उन्हं आत आली तरी घरात कुणी कुणाला हाक मारली नाही. मग लक्षात आलं, जवळजवळ दोन महिने मी त्याच्या हाकेवर उठत होते, चहा टाकत होते, आले रे बाबा म्हणत होते. हाक माझ्यासाठी नव्हती, तरी ओ मीच देत होते.

आई गेली तेव्हा घर गप्प होऊ नये म्हणून तू ही जोडी आणून दिलीस. त्यानंतर तू स्वतः उंबरठा ओलांडला नाहीस. आईच्या खोलीत पाय ठेववत नाही, हे मला कळतं. मलाही ठेववत नाही. पण मी इथेच राहते. कधी म्हटलं नव्हतं, आज म्हणते. तू ये.
तुझी,
ताई

ता. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र ड्यूटीवर वाचलं आणि तसाच साहेबांकडे गेलो. सुटी मिळाली. खरं सांगायचं तर मी मागितलीच नव्हती कधी.

शनिवारी संध्याकाळी पोचतो. आईच्या खोलीतच झोपेन. पहिल्या रात्री तू दाराशी बसशील का? आणि हल्ली मी फार घोरतो, शेजारी भिंत ठोकतात. शिंपीकाकांना आधीच सांगून ठेव.

बाकी समक्ष.
तुझा,
धाकटा